गाठीपेक्षा गाठीचा शेजार बघा

थिसिस जमा करायला दोन महिने उरले होते आणि मला निम्म्या स्लाइड पुन्हा मोजाव्या लागल्या. मे महिना, सोलापूरचं ऊन, पंखा खोलीतलीच गरम हवा फिरवतोय आणि मायक्रोस्कोपच्या आयपीसवर घामाचे डाग पडतायत. चूक सर्वस्वी माझी होती. स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये गाठीच्या आजूबाजूला नव्या रक्तवाहिन्या किती दाट होतात हे मी मोजत होते, आणि मोजल्या होत्या भलत्याच जागी. गाठ वरून फुटून व्रण झालेला असतो, तिथे खाली ग्रॅन्युलेशन टिश्यू असतो. गुडघा खरचटल्यावर खपलीखाली लाल, मऊ दिसतं ना, तेच हे. त्यात कोवळ्या केशवाहिन्यांची नुसती दाटी असते. मला वाटलं, काय झकास हॉट स्पॉट (वाहिन्यांची सगळ्यात दाट जागा) मिळाला! आकडे घसघशीत येत होते, त्यामुळे मी खुशीत होते. गाईड मॅडमनी एक स्लाइड लावली, जेमतेम दहा सेकंद पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, यात गाठ कुठाय? तू जखम मोजलीयस."

हे लिहितेय ते पॅथॉलॉजीत एमडीला नुकतेच आलेल्यांसाठी. ईएनटीच्या जेआर (ज्युनियर रेसिडेंट) मंडळींनाही यातलं बरंच कामाला येईल. घशाची गाठ म्हणजे स्क्वॅमस (अस्तराच्या चपट्या) पेशींची बेटं, मध्ये केराटिनचे मोती, एवढं चित्र आपल्या डोक्यात पक्कं असतं आणि परीक्षेला ते पुरतंही. रक्तवाहिन्या एका वाक्यात उरकलेल्या असतात. प्रत्यक्षात पेशंटला किरणोपचार कितपत लागू पडणार, मानेतली गाठ काढता येणार की नाही, पुढे रक्तस्रावाची भीती आहे का, यातलं बरंचसं गाठीच्या शेजारच्या वाहिन्यांवर ठरतं. माझी तीन वर्षं हे कळण्यात गेली.

विषय मी काही ध्येय म्हणून निवडला नव्हता. मी मूळची बार्शीकडची. बार्शी परिसरात १९८७ पासून कॅन्सरची नोंदणी चालू आहे आणि भारतातल्या ग्रामीण भागातली ती पहिली, हे मला एमडीला आल्यावर कळलं. लहानपणी बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलचं नाव आमच्या घरात दबक्या आवाजात घेतलं जायचं, तेवढीच ओळख. सिनॉप्सिसच्या (थिसिसच्या आराखड्याच्या) वेळी मला तोंडाचा कॅन्सर हवा होता, कारण केसेस भरपूर. तो सीनियरने आधीच घेतलेला. मग स्वरयंत्र आणि त्याच्या मागचा हायपोफॅरिंक्स माझ्या वाट्याला आला. मावा, गुटखा, मिश्री यांचा मार मुख्यतः तोंडाला बसतो. बिडी-सिगारेटचा धूर मात्र थेट कंठातून जातो, आणि जोडीला दारू असली की धोका बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. (महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पानटपरीवर जाऊन बघा.) विषय ठरवण्याआधी मागच्या दोन-तीन वर्षांची हिस्टोपॅथची (ऊतींच्या तपासणीची) रजिस्टरं स्वतः चाळा. "केसेस येतात की" या तोंडी भरवशावर सिनॉप्सिस नाशिकला, आरोग्य विद्यापीठाकडे, पाठवू नका.

आता पहिला सल्ला, जो मी स्वतः पाळला नव्हता. आधी निरोगी स्वरतंतू बघा, पोटभर बघा. मानेतली मोठी धमनी म्हणजे कॅरॉटिड. बाह्य कॅरॉटिडची पहिली फांदी सुपीरियर थायरॉइड, तिची फांदी सुपीरियर लॅरिंजियल. ती नर्व्हच्या सोबतीने थायरोहायॉइड पडद्यातून आत शिरते. खालून इन्फीरियर थायरॉइडची फांदी येते. हे सगळ्यांना पाठ असतं. पाठ नसतं ते पुढचं: स्वरतंतूच्या कडेवर पोचल्यावर बारीक वाहिन्या तंतूच्या लांबीला समांतर धावतात. बोलताना स्वरतंतू सेकंदाला शंभर-दोनशे वेळा थरथरतो. त्या थरथरीत टिकायचं तर अशीच मांडणी सोयीची.

ही समांतर मांडणी बिघडते कशी, हे मला पुस्तकाने नाही, घरमालकिणीने समजावलं, तेही नकळत. मी सोलापूरच्या पूर्व भागात खोली घेऊन राहायचे. मालकीण आक्का तेलुगू बोलणाऱ्या, मागच्या शेडमध्ये टॉवेलचे दोन माग. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्ही प्रसिद्ध, पण त्यातला फरक मी कधी विचारला नव्हता. आक्का म्हणाल्या, "चादर झोपलेली असते डॉक्टरबाई, टॉवेल उभा असतो." टॉवेलच्या मागावर ताणे दोन. एक घट्ट, त्यावर कापडाचं अंग विणलं जातं. दुसरा सैल सोडलेला, त्याचे फासे वर उभे राहतात. टॉवेलवर वरून नजर टाकली की त्या उभ्या फाशांची नुसती टोकं दिसतात, ठिपक्यांसारखी.

दुसऱ्या दिवशी ईएनटीच्या एंडोस्कोपी रूममध्ये पडद्यावर एक स्वरतंतू बघितला आणि मला टॉवेलच आठवला. निरोगी तंतूवरच्या वाहिन्या चादरीसारख्या आडव्या पसरलेल्या. कॅन्सर झालेल्या भागात त्या पृष्ठभागाकडे काटकोनात उभ्या राहतात, फासे घालतात आणि वरून तपकिरी ठिपके दिसतात. नॅरो बँड इमेजिंग म्हणतात ते हेच. साध्या पांढऱ्या प्रकाशाऐवजी दोनच पट्टे वापरतात, ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचे, कारण हिमोग्लोबिन नेमका तोच प्रकाश शोषतं. ४१५चा निळा प्रकाश वरवरच शिरतो, म्हणून वरच्या केशवाहिन्या तपकिरी उठून दिसतात. ५४०चा हिरवा जरा खोल जातो आणि तिथल्या वाहिन्या निळसर-हिरव्या दिसतात. २०११ साली चीनमधल्या नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वाहिन्यांचे पाच प्रकार पाडले, पाचवा म्हणजे कॅन्सरची दाट शंका. २०१६ मध्ये युरोपियन लॅरिंगॉलॉजिकल सोसायटीने ते सोपं करून दोनच ठेवले: समांतर आणि उभ्या. मला दुसरं जास्त पटतं. पाच प्रकार परीक्षेत लिहायला बरे, गर्दीच्या ओपीडीत दोनच लक्षात राहतात.

पण उभ्या वाहिन्या म्हणजे कॅन्सरच, असं समजू नका. पॅपिलोमा ही साधी, विषाणूमुळे होणारी मशीसारखी गाठ, तिच्यातही प्रत्येक बोटासारख्या वाढीच्या मधोमध वाहिनी उभी असते. तिथे वळण ऐसपैस असतं, कॅन्सरमध्ये आखूड, मुडपलेलं. आणि ल्युकोप्लाकियाचा पांढरा जाड पापुद्रा असेल तर खालचं काहीच दिसत नाही, छत्रीखाली कोण उभं आहे ते गच्चीवरून दिसत नाही तसं. अशा वेळी पापुद्र्याच्या कडेला बघायचं आणि बायोप्सी घ्यायची. शेवटी कागद आपल्याच टेबलावर येतो.

ईएनटीत जाऊन उभं राहायला पॅथॉलॉजीच्या लोकांना कमीपणा वाटतो. वाटू देऊ नका. वरून ठिपका म्हणून पाहिलेली वाहिनी स्लाइडवर उभ्या छेदात दिसली की दोन्ही बाजू जुळतात, आणि क्लिनिकल हिस्टरीच्या रकान्यात जेआरने काय लिहिलंय तेही मग कळू लागतं.

गाठ वाहिन्या का मागते, हे थोडक्यात सांगते, कारण हे सगळीकडे मिळतं. रक्तवाहिनीपासून ऑक्सिजन फार लांब जात नाही. १९५५ साली थॉम्लिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या स्लाइडवर मोजमाप करून दाखवलं की वाहिनीपासून दोन दशांश मिलिमीटरच्या आसपास अंतर गेलं की पेशी मरू लागतात. १९७१ मध्ये ज्युडा फोकमन यांनी म्हटलं की नव्या वाहिन्या मिळाल्या नाहीत तर गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जाऊच शकत नाही. तेव्हा लोकांना ते पटलं नव्हतं. ऑक्सिजन कमी झाला की पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन साठतं, ते व्हीईजीएफ नावाचा घटक सोडायला लावतं, आणि शेजारच्या वाहिनीला कोंब फुटतात. ऑक्सिजनची ही जाण पेशीला कशी असते, या कामाला २०१९चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे व्हीईजीएफचा शोध आधी दुसऱ्याच नावाने लागला होता. १९८३ मध्ये ड्वोरॅक यांच्या गटाला वाहिन्या गळक्या करणारा घटक म्हणून तो सापडला. वाहिन्या वाढवतो हे नंतर.

हे गळकेपण ध्यानात ठेवा. गाठीने उगवलेली वाहिनी ही वाहिनीसारखी दिसते, वागत नाही. भिंत पातळ, बाहेरून आधार देणाऱ्या पेरिसाइट पेशी विरळ, वाट वेडीवाकडी, कुठे एकदम फुगलेली तर कुठे आंधळ्या बोळासारखी बंद. धमनीतलं रक्त केशवाहिन्या टाळून थेट शिरेत जातं असेही शॉर्टकट असतात. सोलापुरात राहिलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गल्लीत नळांची संख्या मोजून कुणी पाणी मोजत नाही. वाहिन्या दाट आणि तरीही पेशी ऑक्सिजनला मोताद, हे दोन्ही एकाच फील्डमध्ये शेजारी शेजारी दिसतं.

आणि तिथून रेडिएशनचा प्रश्न येतो. ऑक्सिजन नसलेल्या पेशीला मारायला किरणांचा डोस सुमारे अडीच ते तीन पट लागतो. घशाच्या पेशंटला रेडिएशनला पाठवताना हिमोग्लोबिन का विचारतात, त्याच्यामागे हे आहे. मग रक्त वाढवणारं इंजेक्शन दिलं की झालं, असं मलाही वाटायचं. २००३ मध्ये लॅन्सेटमध्ये हेंके आणि सहकाऱ्यांची चाचणी छापून आली. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनसोबत एरिथ्रोपोएटिन दिलं, हिमोग्लोबिन वाढलं, आणि गाठ आटोक्यात राहण्याचं प्रमाण उलट घसरलं. सेमिनारमध्ये हा पेपर घेऊन जा. प्रश्न विचारणारे गप्प बसतात.

माझ्या सगळ्यात आवडीचा भाग म्हणजे कूर्चा. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, हे आपण पहिल्या वर्षाला हिस्टॉलॉजीत घोकतो आणि सोडून देतो. १९७५ साली ब्रेम आणि फोकमन यांनी दाखवलं की कूर्चेचा तुकडा गाठीच्या शेजारी ठेवला तर वाहिन्या त्या बाजूला वाढायला बिचकतात. आता लॅरिंजेक्टॉमीचा, म्हणजे काढलेल्या स्वरयंत्राचा, नमुना समोर घ्या. थायरॉइड कूर्चा काचेसारखी निळसर राहिली असेल तर गाठ तिच्याशी येऊन पुष्कळदा थबकलेली दिसते. पण वय वाढलं की हीच कूर्चा जागोजाग हाडाची होते, आत मज्जा येते, मज्जेसोबत वाहिन्या येतात, आणि गाठीला दार उघडं मिळतं. गाठ कूर्चेतून पलीकडे निघाली की स्टेज टी४ए, म्हणजे बरीच पुढची. म्हणून ग्रॉसिंग (नमुना बघून तुकडे घेणं) करताना कूर्चेचा कुठला भाग हाड झालाय हे सुरी लावतानाच हाताला कळलं पाहिजे. करकर आवाज आला तर थांबा, तिथला तुकडा घ्या.

ग्रॉसिंगचं बाकी मामा शिकवतील. मामा म्हणजे आमच्या लॅबमधले सीनियर टेक्निशियन. नमुना फॉर्मलिनमध्ये किमान २४ तास ठेवा, मागच्या बाजूने मधोमध उघडा, काड्या लावून पसरून ठेवा. माझी इथली चूक सांगते: हाड झालेला भाग मऊ व्हावा म्हणून मी अख्खा तुकडा, गाठीसकट, ॲसिडमध्ये टाकला. एच अँड ई (नेहमीचा रंग) ठीकठाक आली, पण आयएचसीला (अँटिबॉडी लावून रंगवण्याला) वाहिन्या रंगल्याच नाहीत. अँटिबॉडी ज्याला चिकटते त्या अँटिजेनची तीव्र ॲसिड वाट लावतं. मऊ भागाचे ब्लॉक आधी वेगळे काढा, हाडाला मग ॲसिड दाखवा. घाई नसेल तर ईडीटीए हे सौम्य रसायन बरं, पण ते आठवडे खातं आणि जेआरला घाई नसते असं कधी होत नाही.

वाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी रंगवायला सीडी-३१ किंवा सीडी-३४ या अँटिबॉडी वापरतात. मी सीडी-३४ घेतला, कारण तो सगळीकडे मिळतो आणि रंग स्वच्छ येतो. लसीकावाहिन्या हव्या असतील तर डी२-४० लागतो. प्रक्रियेत स्लाइड प्रेशर कुकरमध्ये शिजवाव्या लागतात, तोच तो घरातला शिट्टीचा कुकर, आत वरणाऐवजी सायट्रेट बफर. पहिल्या बॅचला मी साध्या स्लाइड वापरल्या. कुकर उघडला तर सेक्शन स्लाइडवरून निसटून बफरमध्ये तरंगतायत. लेप दिलेल्या स्लाइड महाग पडतात, पण महिनाभराची मेहनत त्याहून महाग.

दुसरा घोटाळा रंगाचा. तपकिरी रंग पेरॉक्सिडेजच्या क्रियेने येतो, आणि लाल रक्तपेशींमध्ये तशीच क्रिया घडवण्याचा गुण मुळातच असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने तो आधी नीट दाबला नाही तर रक्तपेशीच तपकिरी होतात. घशाच्या बायोप्सीत रक्त सांडलेलं असतंच. मग ठिकठिकाणी तपकिरी ठिपके, आणि नवखा माणूस आनंदाने मोजत सुटतो. प्रत्येक बॅचला प्रायमरी अँटिबॉडी न घातलेली एक स्लाइड लावा. तिच्यावर तपकिरी दिसलं तर सगळी बॅच बाजूला ठेवा. सीडी-३४ बरोबर लागला का हे बघायला वेगळा कंट्रोल शोधत बसायलाही नको, त्याच सेक्शनमधली निरोगी वाहिनी बघा, ती रंगलीच पाहिजे.

उन्हाळ्यात सेक्शन कापणं हा वेगळाच छळ. मेणाचा ब्लॉक मऊ पडतो, रिबन सुरकुततो. मामा ओरडायचे, "मॅडम, बर्फावर ठेवा की आधी! असं गरम मेण कापून रिबन कशी यायची?" एप्रिल-मेमध्ये ब्लॉक सकाळी आठच्या आत कापायचे, हा त्यांचा नियम. आयएचसीची बॅच जानेवारी संपायच्या आत संपवा, म्हणजे थंडी मिळते. सोलापूरची गड्ड्याची यात्राही त्याच दिवसांत येते, तेव्हा दोन दिवस लॅबमधून कुणी सापडणार नाही हेही धरून चाला.

मोजायची पद्धत १९९१ची, वाइडनर आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरमध्ये वापरलेली. आधी कमी मॅग्निफिकेशनवर सगळा सेक्शन फिरायचा, सगळ्यात दाट वाहिन्या दिसतात त्या जागा शोधायच्या, त्याच हॉट स्पॉट. मग तिथे २०० पटीवर मोजायचं. रंगलेली एक सुटी पेशी किंवा पेशींचा पुंजका म्हणजे एक वाहिनी. पोकळी दिसलीच पाहिजे असं नाही, आत रक्तपेशी पाहिजेत असंही नाही. स्नायूंची जाड भिंत असलेल्या वाहिन्या सोडायच्या. मेलेला भाग सोडायचा. व्रणाखालचा ग्रॅन्युलेशन टिश्यू सोडायचा, आणि आधीच्या बायोप्सीची जागाही सोडायची, कारण तीही जखमच. हे शेवटचं वाक्य मी आता थिसिस घेणाऱ्या प्रत्येकाला वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते.

एकट्याने मोजू नका. दुसऱ्या कुणाकडून, पेशंटचा निकाल माहीत नसताना, तेच फील्ड मोजून घ्या. माझा आणि माझ्या बॅचमेटचा आकडा सुरुवातीला इतका वेगळा यायचा की आम्ही दोघी वेगवेगळ्या पेशंटच्या स्लाइड बघतोय की काय असं वाटायचं. भांडण नेहमी एकाच गोष्टीवरून: जवळ जवळ असलेले दोन पुंजके म्हणजे एकाच वाहिनीची दोन वळणं की दोन वाहिन्या? उत्तर नाही. नियम ठरवा आणि शेवटपर्यंत तोच पाळा.

स्पष्ट सांगायचं तर हा आकडा रोजच्या रिपोर्टात कुणी लिहीत नाही. मायक्रोव्हेसल डेन्सिटी हा थिसिसचा लाडका विषय आहे, टेबलं छान होतात, पी व्हॅल्यू येते. पण ईएनटीच्या सरांनी कधी फोन करून "डेन्सिटी किती?" असं विचारलं नाही. ते विचारतात एलव्हीआय, म्हणजे गाठीच्या पेशी वाहिनीच्या आत शिरल्यात का. रिपोर्टात त्याची स्वतंत्र ओळ असते आणि पुढच्या उपचारात तिला वजन असतं. वाहिन्या मोजता मोजता मला ती ओळ लिहिता येऊ लागली, थिसिसची खरी कमाई तीच.

एलव्हीआयमध्ये नवखा माणूस फसतो तो एकाच जागी. सेक्शन तयार होताना ऊती आक्रसते आणि गाठीच्या बेटाभोवती पांढरी फट पडते. हुबेहूब वाहिनीत बसलेली गाठ. फरक बघायचे ते असे. फट बेटाच्या आकाराचीच असते, बेट फुगलेलं तर फटही फुगलेली. खरी वाहिनी आपला आकार राखून असते, आतली गाठ तिच्यात वेगळ्या आकाराची आणि बहुधा एका बाजूला चिकटलेली. फटीला अस्तर नसतं, वाहिनीला असतं. वाहिनीत सोबत रक्तपेशी किंवा फायब्रिन सापडतं. आणि शोधायचं गाठीच्या पोटात नाही, कडेच्या बाहेर, जिथे निरोगी ऊती सुरू होते तिथे. पोटात शोधलं तर सगळीकडे एलव्हीआय दिसतं. पहिल्या सहा महिन्यांत मी इतकं एलव्हीआय लिहिलं की मॅडम म्हणाल्या, तुझ्या हिशेबाने सोलापुरात एकही लवकरची केस नाही.

मोठ्या वाहिन्यांबद्दल आपण पॅथॉलॉजीवाले उदासीन असतो, कारण त्या आपल्या टेबलावर क्वचित येतात. ट्यूमर बोर्डला (सगळ्या विभागांच्या कॅन्सर बैठकीला) जाऊन बसायला लागले तेव्हा माझे डोळे उघडले. कॉमन कॅरॉटिड थायरॉइड कूर्चेच्या वरच्या कडेशी दुभंगते, म्हणजे घशाची गाठ किंवा मानेतली पसरलेली लसीकाग्रंथी तिच्या दारातच. जुग्युलर शीर पातळ भिंतीची, ती आधी दबते, मग आत गुठळी होते. एका बाजूची जुग्युलर काढली तरी निभावतं. दोन्ही एकदम काढल्या तर चेहरा सुजतो, मेंदूवरचा दाब वाढतो. कॅरॉटिडचं तसं नाही. सीटीत गाठीने कॅरॉटिडला २७० अंशांपेक्षा जास्त वेढलं असेल तर ती सोडवून काढणं बहुधा जमत नाही, आणि असा वेढा म्हणजे स्टेजमध्ये टी४बी. सर्जन सर मनगटाभोवती दुसऱ्या हाताची बोटं गुंडाळून दाखवायचे, इथवर असेल तर बघू, इथवर असेल तर नाही. दुभाजनाजवळ कॅरॉटिड सायनस असतो. तिथे दाब आला तर पेशंट मान वळवताना चक्कर येऊन पडतो, आणि घरचे समजतात उपाशीपोटी फिरला म्हणून.

सगळ्यात वाईट म्हणजे कॅरॉटिड फुटणं. रेडिएशन झालेल्या मानेत धमनीच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याच बंद पडतात, वर जखम चिघळली, त्यात लाळ झिरपली की भिंत सडते. आधी थोडं रक्त येऊन थांबतं. घरच्यांना वाटतं थांबलं, बरं झालं. ते थांबणं इशारा असतो. वॉर्डातल्या जेआरने मानेच्या जखमेतून आलेलं "जरासं रक्त" कधीही सकाळच्या राउंडपर्यंत ठेवू नये. यावर मी जास्त लिहीत नाही. एकदा बघितलंय, तेवढं पुरे.

कर्करोग या शब्दातला खेकडा शिरांवरूनच आला असं म्हणतात. दुसऱ्या शतकातल्या गॅलनने गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरांना खेकड्याच्या पायांची उपमा दिली होती. त्याच्याकडे ना मायक्रोस्कोप होता ना सीडी-३४, पण बघायचं कुठे हे त्याला कळलं होतं.

आता मी शहरातल्याच एका लॅबमध्ये आहे. परवा नव्याने आलेली जेआर-१ स्लाइड घेऊन आली. हायपोफॅरिंक्सची गाठ, कडेला चरबीत एक गोल बेट. "मॅम, हे एलव्हीआय लिहू का? अस्तर दिसत नाहीये." मी तिला म्हटलं, बेटाकडे नको बघूस, शेजारी धमनी आहे ती बघ. मधल्या आकाराच्या धमनीच्या जोडीला शीर असतेच. इथे धमनी एकटी का आहे? तिची शीर कुठे गेली? आतड्याच्या कॅन्सरचे रिपोर्ट करणारे याला अनाथ धमनी म्हणतात. ती दोन मिनिटं स्लाइड पुढे-मागे करत राहिली. मग एकदम म्हणाली, "म्हणजे हे बेटच शीर आहे? आख्खी भरलेली?" असेल. गाठीने शीर इतकी गच्च भरली की अस्तर पुसलं जातं, पण भिंतीतले इलॅस्टिक तंतू गोल कड्यासारखे उरतात. व्हीव्हीजी रंग लावला की ते काळे उमटतात. सेक्शन कापून ठेवलाय. त्या रंगाला वाहत्या पाण्याने खूप धुवावं लागतं. नवा टेक्निशियन म्हणाला, "उद्या पाण्याची पाळी आहे मॅडम, उद्याच लावतो."